विल्टनचे द्विफलक: काळ ठरला, चित्रकार ठरला नाही

लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘विल्टन डिप्टिक’ या नावाचे एक छोटे धार्मिक चित्र आहे. ओकच्या दोन फळ्या बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. प्रत्येक फळी सुमारे ५३ सेंटिमीटर उंच आणि ३७ सेंटिमीटर रुंद आहे, आणि दोन्ही पुस्तकासारख्या मिटतात. प्रवासात सोबत नेता यावे आणि जिथे मुक्काम पडेल तिथे उघडून समोर प्रार्थना करता यावी, अशी ही रचना. चित्रावर सही नाही, साल नाही. ते कोणी काढले, कोणी काढून घेतले, त्याचे किती पैसे मोजले, याची त्या काळातली एकही नोंद हाती नाही. तरीही आज अभ्यासक त्याचा काळ १३९५ ते १३९९ या मोजक्या वर्षांत बसवतात. चित्रकाराबाबत मात्र तो इंग्रज होता की फ्रेंच, इथपर्यंतच मजल गेली आहे. उत्तर मध्ययुगातल्या गॉथिक चित्राचा काळ कसा ठरतो, चित्रकार कसा शोधला जातो आणि या दोन शोधांना लागणारा पुरावा किती वेगळा असतो, हे या चित्रावरून जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या चित्रांवरून दिसत असेल.

डाव्या फळीवर इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड गुडघे टेकून बसला आहे. त्याच्या मागे तीन संत उभे आहेत: हातात बाण घेतलेला हुतात्मा राजा एडमंड, हातात अंगठी धरलेला राजा एडवर्ड द कन्फेसर, आणि कोकरू उचलून घेतलेला बाप्तिस्मा देणारा योहान. उजव्या फळीवर फुलांनी भरलेल्या हिरवळीवर मरियम बाळ येशूला घेऊन उभी आहे. तिच्याभोवती निळ्या वस्त्रांतले अकरा देवदूत आहेत आणि त्यांच्यापैकी एकाच्या हाती पांढऱ्यावर लाल क्रूस असलेला ध्वज आहे. बाळाचे हात राजाच्या दिशेने पुढे आलेले आहेत. दोन्ही फळ्यांची पार्श्वभूमी सोन्याची आहे. चित्र मिटले की बाहेरच्या बाजूंवर एकीकडे गळ्यात सोन्याचा मुकुट आणि साखळी असलेले पांढरे हरीण दिसते, तर दुसरीकडे राजाची ढाल, शिरस्त्राण आणि सिंह. उघडमिट आणि हाताळणी यांमुळे बाहेरच्या बाजू आतल्यापेक्षा बऱ्याच झिजल्या आहेत.

चित्रावर सही नसणे ही त्या काळी अपवादाची गोष्ट नव्हती. काम कार्यशाळेत चाले. सुतार फळी तयार करी, कोणी लेप देई, कोणी वर्ख लावी. मुख्य कारागीर आणि त्याचे शिष्य मिळून चित्र पुरे करीत. नाव नोंदले गेलेच तर ते करारात किंवा खर्चाच्या वहीत. असा कागद नाहीसा झाला की पुढच्या पिढ्या ऐकीव गोष्टींवर विसंबतात, आणि त्या फसव्या निघू शकतात. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चसाठी केलेले ‘रुचेल्लाई मॅडोना’ हे प्रचंड चित्र चिमाबुएचे असल्याचे जॉर्जो वाझारीने सोळाव्या शतकात लिहिले आणि लोक ते मानत राहिले. १५ एप्रिल १२८५ रोजी तिथल्या एका भक्तमंडळाने सिएनाच्या दुच्चोशी मरियमच्या मोठ्या चित्राचा करार केला होता. हा करार १७९० मध्ये छापलाही गेला. तरी तो याच चित्राचा आहे आणि चित्राची शैलीही दुच्चोचीच आहे, असे फ्रान्झ विकहॉफ यांनी ठामपणे मांडले ते १८८९ मध्ये. कागद हाती असूनही तो योग्य चित्राशी जुळवायला शंभर वर्षे लागली. विल्टनच्या चित्राबाबत तर कागदच नाही.

अशा वेळी पहिले काम म्हणजे चित्र कोणाकोणाच्या हातांतून गेले याचा मागे मागे माग काढणे. हे चित्र ज्या विल्टन हाउसमुळे ओळखले जाते, ते सॅलिसबरीजवळचे पेम्ब्रोकच्या अर्लांचे घर. तिथे ते १७०५ च्या सुमारास आले आणि १९२९ मध्ये नॅशनल गॅलरीने ते विकत घेईपर्यंत त्याच घराण्याकडे होते. त्याआधी ते राजा पहिल्या चार्ल्सच्या संग्रहात होते. त्याच्या संग्रहाची यादी करणाऱ्या आब्राहाम व्हान डेर डोर्टने त्याची नोंद केली आणि १६३९ मध्ये वेन्झेल होल्लारने त्यावरून कोरीव छापचित्र केले. म्हणजे चित्र तयार झाल्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षे त्याचा कुठे पत्ताच लागत नाही. याच अडीचशे वर्षांत इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेचे वादळ आले. चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या, वेदीवरची चित्रे जाळली गेली किंवा खरवडून टाकली गेली. मध्ययुगीन इंग्लंडमधली लाकडी फळ्यांवरची चित्रे त्यामुळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. तुलनेला जोड मिळत नाही ही विल्टनच्या अभ्यासकांची सर्वांत मोठी अडचण, आणि तिचे मूळ या विध्वंसात आहे.

चित्राचे शरीर तपासणे ही पुढची पायरी, आणि तिची सुरुवात लाकडापासून होते. इटलीत चित्रांसाठी प्रामुख्याने पॉप्लरच्या फळ्या वापरीत. इंग्लंड, उत्तर फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये ओक. यातले बरेचसे ओक बाल्टिक किनाऱ्यावरून, डान्झिगसारख्या बंदरांतून, जहाजाने येई, कारण तिथल्या झाडांची वलये दाट असत आणि फळ्या सरळ निघत. लाकडाच्या छेदात दरवर्षीचे एक वलय असते, अनुकूल वर्षी रुंद आणि प्रतिकूल वर्षी अरुंद. एका प्रदेशातल्या झाडांच्या वलयांचा शतकानुशतकांचा क्रम तयार असेल, तर फळीच्या कडेवरची वलये मोजून तिच्यातल्या शेवटच्या वलयाचे साल काढता येते. हॅम्बुर्गच्या पीटर क्लाइन यांनी या पद्धतीने शेकडो चित्रफळ्या तपासल्या आहेत.

पण ते साल म्हणजे चित्राचे साल नव्हे. सालीलगतचा लाकडाचा कोवळा भाग लवकर किडतो म्हणून सुतार तो तासून टाकीत. त्यामुळे शेवटच्या वलयात त्या हरवलेल्या वर्षांचा अंदाज मिळवावा लागतो आणि लाकूड वाळवण्याचा काळ वेगळा धरावा लागतो. फळी वर्षानुवर्षे वखारीत पडून राहिली असेल तर तेही कळत नाही. म्हणून वलये फक्त ‘याच्या आधी नाही’ एवढे सांगतात. नाकारण्यासाठी मात्र हा पुरावा फार भक्कम. रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयातले ‘काना येथील लग्न’ हे चित्र दीर्घकाळ हिएरोनिमस बॉशचे मानले जाई. बॉश १५१६ मध्ये वारला, आणि त्या चित्राच्या फळ्यांचे झाड त्यानंतर कितीतरी वर्षे उभेच होते, असे वलयांवरून निघाले. तिथे वाद संपला. विल्टनच्या फळ्या ओकच्या आहेत एवढ्यावरून चित्र आल्प्सच्या उत्तरेला तयार झाले, हे मात्र बऱ्यापैकी निश्चित होते.

लाकडावरचा लेपही तेच सांगतो. इटालियन चित्रकार जिप्समचा लेप देत, तर उत्तरेकडे सरसात कालवलेली खडूची भुकटी वापरीत. विल्टनच्या चित्राखाली खडू आहे. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले आहेत. देवदूतांच्या आणि मरियमच्या वस्त्रांचा निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींमधून आलेल्या लाजवर्दाचा आहे. हा त्या काळचा सर्वांत महाग रंग होता, आणि इथे तो ज्या सढळ हाताने वापरला आहे त्यावरून खर्चाची चिंता नसलेला ग्राहक डोळ्यांसमोर येतो. सोन्याचा वर्ख लावून झाल्यावर बोथट टोकाच्या हत्याराने ठिपके ठोकून नक्षी उठवली आहे. बाळ येशूच्या डोक्यामागच्या सोनेरी वलयात अशाच ठिपक्यांनी काट्यांचा मुकुट आणि तीन खिळे काढलेले आहेत. चित्र हातात धरून उजेडात तिरपे केले तरच ते डोळ्यांत भरतात. समोरून पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाहीत.

आणि इथेच पहिला पेच पडतो. चेहऱ्यांच्या आणि हातांच्या त्वचेखाली हिरव्या मातीचा थर आहे. ही रीत इटलीची, सिएना आणि फ्लॉरेन्समधली. लाकूड आणि लेप उत्तरेचे, त्वचेची कृती दक्षिणेची: असा चित्रकार कुठला म्हणायचा? सिएनाचा सिमोने मार्तिनी १३४४ मध्ये आव्हिन्याँ इथे पोपच्या दरबारी असताना वारला. त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या कामातून इटालियन पद्धती चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये आणि तिथून पुढे उत्तरेत पसरल्या होत्या. त्यामुळे हिरवी माती चित्रकाराचे जन्मगाव सांगत नाही. तो कोणत्या परंपरेत शिकला, एवढेच सुचवते.

काळाबाबत सुरुवातीच्या अभ्यासकांना राजाच्या चेहऱ्याने चकवले. चित्रातला रिचर्ड कोवळा, दाढी न फुटलेला मुलगा दिसतो. त्याचा जन्म ६ जानेवारी १३६७ चा आणि राज्याभिषेक जुलै १३७७ चा, म्हणजे गादीवर आला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. वयाचे अकरावे वर्ष चालू होते, म्हणून अकरा देवदूत, असाही तर्क लढवला गेला. त्यावरून चित्र राज्याभिषेकाच्या आसपासचे ठरवणे सोपे होते. पण मध्ययुगीन धार्मिक चित्रातला राजा हा त्या दिवशीचा छायाचित्रासारखा राजा नसतो. तो मरियमपुढे शुद्ध आणि तरुण रूपात उभा केला जातो. वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या थडग्यासाठी रिचर्डने १३९५ मध्ये आपली धातूची प्रतिमा करायला दिली, आणि तिच्या हनुवटीवर दाढी आहे. व्यक्तिचित्र म्हणून पाहिलेला चेहरा काळ ठरवायला कमकुवत पुरावा असतो. अंगावरची चिन्हे त्याच्या कितीतरी पटींनी भरवशाची.

ती चिन्हे पाहू. बाहेरच्या ढालीवर एका अर्ध्या भागात इंग्लंडची राजचिन्हे आहेत: तिसऱ्या एडवर्डने १३४० मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितल्यापासून इंग्लिश सिंहांबरोबर येणारी फ्रेंच लिलीची फुले. ही फुले विखुरलेली आहेत; तीनच फुलांची मांडणी इंग्रज राजांनी रिचर्डनंतर स्वीकारली. दुसऱ्या अर्ध्या भागात निळ्यावर सोन्याचा क्रूस आणि पक्षी आहेत. हे चिन्ह एडवर्ड द कन्फेसरचे समजले जाई. तो राजा १०६६ मध्ये वारला, तेव्हा युरोपात ढालीवरची चिन्हे सुरूही झाली नव्हती; त्याच्यासाठी हे चिन्ह नंतरच्या शतकांत कल्पिले गेले. रिचर्डची या संतावर अपार भक्ती होती. त्या चिन्हाला आपल्या राजचिन्हाशेजारी अर्धी ढाल देण्याचा प्रघात त्याने १३९५ च्या सुमारास सुरू केला. म्हणजे ही ढाल रंगवणाऱ्याने ती त्याआधी रंगवणे शक्य नाही. चित्राच्या काळाची खालची मर्यादा इथे पक्की होते, आणि राज्याभिषेकाची कल्पना मागे पडते.

पांढरे हरीण हे रिचर्डचे स्वतःचे चिन्ह. १३९० मध्ये लंडनजवळच्या स्मिथफील्ड इथे झालेल्या घोडेस्वारांच्या सामन्यांत त्याने आपल्या माणसांना हे बिल्ले वाटले. चित्रात अकराही देवदूतांच्या छातीवर हेच बिल्ले आहेत. स्वर्गातले दूत राजाचे सेवक असावेत तसे त्याचा बिल्ला लावून उभे आहेत. या एका गोष्टीवरून रिचर्डची राजपदाबद्दलची कल्पना जितकी कळते तितकी कुठल्या फर्मानावरून कळणार नाही. हरणाच्या शिंगांच्या टोकांवर पांढऱ्या शिशाच्या रंगाचे उठावदार ठिपके आहेत, मोत्यांसारखे चमकणारे. त्या काळी पॅरिसचे सोनार सोन्याच्या उठावावर पांढरे मीनाकाम करीत. इंग्लंडमध्ये डन्स्टेबल इथे १९६५ मध्ये सापडलेला आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला हंसाचा बिल्ला त्याच पद्धतीचा, साधारण १४०० सालचा आहे. चित्रकाराने रंगवलेला बिल्ला डोळ्यांसमोर असा खरा दागिना ठेवून रंगवला असावा.

रिचर्डच्या आणि देवदूतांच्या गळ्यांत शेंगांचे गळपट्टे आहेत. त्या शेंगा ब्रूम नावाच्या झुडपाच्या, आणि हे चिन्ह फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याचे. रिचर्डची पहिली राणी, बोहेमियाची ॲन, १३९४ मध्ये वारली. त्यानंतर त्याने चार्ल्सची लहानगी मुलगी इझाबेला हिच्याशी विवाह ठरवला आणि १३९६ मध्ये तो झाला. इंग्रज राजाच्या गळ्यात फ्रेंच राजाचे चिन्ह येण्याला या सोयरिकीपेक्षा स्वाभाविक कारण दिसत नाही. इतिहासकार मॉड क्लार्क यांनी १९३१ मध्ये ढाल, बिल्ले आणि गळपट्टे यांची अशी एकत्र मांडणी करून चित्र १३९६ च्या आसपासचे ठरवले. त्यांच्या मते ध्वज, काट्यांचा मुकुट आणि खिळे यांचा संबंध फ्रेंच लेखक फिलिप द मेझिएर याच्या नव्या धर्मयुद्धाच्या योजनेशी होता. या मेझिएरने १३९५ मध्येच रिचर्डला लांबलचक पत्र लिहून फ्रान्सशी तह आणि धर्मयुद्ध यांची गळ घातली होती.

काळाची वरची मर्यादा मात्र अजून वादात होती. रिचर्डला १३९९ मध्ये गादीवरून काढले गेले आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो कैदेत मेला. १४१३ मध्ये पाचव्या हेन्रीने त्याचे अवशेष किंग्स लँगलीहून हलवून वेस्टमिन्स्टरमध्ये सन्मानाने पुरले. चित्र त्या प्रसंगाचे असावे, देवदूतांनी वेढलेला राजा हा स्वर्गात स्वीकारला गेलेला मृत राजा असावा, असेही काहींनी सुचवले. हे मत टिकत नाही. ज्या लँकेस्टर घराण्याने रिचर्डची गादी हिसकावली, त्या घराण्याच्या राजाने त्याचे हरीण देवदूतांच्या छातीवर चढवण्यासाठी लाजवर्द आणि सोने खर्चावे, हे कल्पनेला ताण देणारे आहे. शिवाय चित्र हाताळण्यासाठी आहे, घडीचे आहे. ते एका जिवंत माणसाच्या प्रार्थनेसाठी केलेले आहे, थडग्याजवळ टांगण्यासाठी नव्हे.

नॅशनल गॅलरीत चित्राची सफाई आणि तपासणी झाली तेव्हा, १९९२ मध्ये, ध्वजदंडाच्या टोकावरच्या गोळ्यात काहीतरी रंगवलेले असल्याचे ध्यानात आले. गोळा जेमतेम सेंटिमीटरभर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हिरवे बेट दिसले: बेटावर पांढरा किल्ला, पाठीमागे झाडे, भोवती चांदीच्या वर्खाचा समुद्र, आणि त्या समुद्रात शीड उभारलेली छोटी होडी. चांदी काळवंडल्यामुळे समुद्र शतकानुशतके नजरेला पडत नव्हता. बेट म्हणजे इंग्लंड, आणि ध्वज सेंट जॉर्जचा. रिचर्डने आपले राज्य मरियमला अर्पण केले आणि आता तिच्या आशीर्वादाने ते परत स्वीकारतो आहे, असा सगळ्या दृश्याचा अर्थ लागला. याला जोड म्हणून रोममधल्या इंग्रज धर्मशाळेतले एक हरवलेले वेदीचित्र आठवते. रिचर्ड आणि ॲन मरियमला इंग्लंड हुंड्यासारखे अर्पण करीत आहेत, असे त्याचे सतराव्या शतकातले वर्णन उपलब्ध आहे. अभ्यासक डिलियन गॉर्डन यांनी या चित्रावरच्या १९९३ च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने हा सगळा पुरावा मांडला. चित्राचा विषय राजाची राज्यसत्ता हाच ठरल्यावर तो राजा गादीवर असतानाचे ते आहे याला आणखी बळ आले. वरची मर्यादा १३९९ वर येऊन थांबली.

चित्रकाराच्या बाबतीत मात्र अशी चिन्हे उपयोगी पडत नाहीत, कारण ती ग्राहकाची असतात. चित्रकाराचा माग शैलीतून काढावा लागतो. जोव्हान्नी मोरेल्ली यांनी एकोणिसाव्या शतकात एक पद्धत घालून दिली: चेहऱ्याचे भाव सोडा, कान, नखे, कपड्याच्या घड्या पाहा, कारण चित्रकार त्या सवयीने काढतो आणि सवय लपत नाही. ही पद्धत चालण्यासाठी त्याच हाताची आणखी चित्रे लागतात. विल्टनच्या चित्रासाठी तीच नाहीत. रिचर्डचा राजचित्रकार गिल्बर्ट प्रिन्स १३९६ मध्ये वारला आणि त्याच्यानंतर टॉमस लिटलिंग्टन आला, हे दफ्तरांतून कळते. पण त्यांच्या हातचे म्हणून खात्रीने दाखवता येईल असे एकही चित्र उरलेले नाही. वेस्टमिन्स्टर ॲबेमधले रिचर्डचे मोठे व्यक्तिचित्र त्याच दशकातले खरे; पण त्यावर नंतर इतके हात फिरले की बारकाव्यांची तुलना करायला ते निरुपयोगी आहे. नॉर्विच कॅथेड्रलमधले डेस्पेन्सर वेदीचित्र टेबलाचा उलटा पृष्ठभाग म्हणून तगले आणि १८४७ मध्ये उजेडात आले. ते इंग्रज आहे, पण त्याची घडण विल्टनपेक्षा ठसठशीत आणि जाड हाताची आहे.

फ्रान्सकडे पाहिले तर जुळणाऱ्या गोष्टी जास्त सापडतात. देवदूतांच्या लांब बोटांची नजाकत, वस्त्रांच्या ओघवत्या कडा, फुलांतला निसर्गाचा सोस, हे सगळे बेरीच्या ड्यूकसाठी काम करणाऱ्या जाकमार द एस्दँसारख्यांच्या हस्तलिखितांत दिसते. डिजाँजवळच्या शाँमोल मठासाठी मेल्खिओर ब्रोडेरलामने १३९० च्या दशकात केलेल्या फळ्यांतही ते आहे. पण त्या दशकात राजदरबार एकमेकांशी लग्ने, तह आणि भेटवस्तू यांनी इतके बांधलेले होते की पॅरिस, डिजाँ, प्राग आणि वेस्टमिन्स्टर इथले कारागीर एकाच नजरेने काम करू लागले होते. अभ्यासक या शैलीला आंतरराष्ट्रीय गॉथिक म्हणतात. या शैलीच्या चित्रावरून चित्रकाराचा देश ओळखणे दुरापास्त असते. पॅरिसमध्ये शिकून लंडनला आलेला फ्रेंच आणि पॅरिसचे काम पाहून शिकलेला इंग्रज यांच्यात फरक करायला लाकडावर काही उरत नाही. संत एडमंड आणि एडवर्ड ही निवड इंग्रज आहे, पण ती राजाची आहे, चित्रकाराची नाही.

जर्मन अभ्यासकांनी अशा निनावी हातांना त्यांच्या एखाद्या प्रसिद्ध कामावरून ‘अमुक चित्राचा उस्ताद’ असे काल्पनिक नाव देण्याची रीत पाडली, आणि अनेकदा त्यातून पुढे खरा माणूस सापडलाही. इथे ते नाव देऊनही काही साधत नाही, कारण त्या हाताचे दुसरे काम नाही. चित्राखालच्या पाटीवर म्हणूनच नॅशनल गॅलरी चित्रकाराचे नाव देत नाही. ‘इंग्रज किंवा फ्रेंच’ असे लिहून ती काळ ‘१३९५ ते १३९९ च्या सुमारास’ असा देते, आणि हाती असलेल्या पुराव्याला धरून याहून जास्त लिहिणे चुकीचे ठरेल.